संघाने सहभाग घेतला

आमच्या महाविद्यालयाच्या २०१७-१८ सालच्या वार्षिकांकात 'क्रीडा-विभाग' या मथळ्याखाली फुटबॉल संघाविषयी एकच वाक्य छापलेले आहे : 'महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाने विविध स्पर्धांत सहभाग घेतला.' हे वाक्य माझे आहे. वार्षिकांकाचा संपादक मी, मराठीचा प्राध्यापकही मी, आणि त्या वर्षी फुटबॉल संघाचा प्रभारीही दुर्दैवाने मीच. मराठी भाषेत 'सहभाग घेतला' याच्याइतका दयाळू शब्दप्रयोग दुसरा नसेल. वक्तृत्वस्पर्धेत व्यासपीठावर ज्याची दातखीळ बसते तोही सहभाग घेतो, आणि धावण्याच्या शर्यतीत जो पाणी प्यायला थांबतो तोही.

आमच्या सहभागाचा हिशेब असा : सामने पाच, पाचही हरलो. अंगावर गोल १८. आम्ही केलेले गोल दोन, आणि त्यांतला एक प्रतिपक्षाच्या फुलबॅकने स्वतःच्याच जाळ्यात मारलेला. उरलेला एक अस्सल आमचा. पण तो मी पाहिला नाही. का पाहिला नाही ते पुढे येईलच. वार्षिकांकात एवढे सगळे लिहायला जागा नव्हती आणि धीरही नव्हता. दिवाळी अंकाचे संपादक मात्र जागेच्या बाबतीत उदार असतात.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना आमची उंद्री ठाऊक असण्याचे कारण नाही. बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यात, खामगावहून चिखलीला जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. माझे घर तिथले. नोकरी जवळच्या एका महाविद्यालयात. त्याचे नाव घेत नाही, कारण अजून माझी तिथे बरीच वर्षे उरली आहेत. भोवताली काळी माती, तीत कपाशी, सोयाबीन, तूर. खेळ म्हणाल तर कबड्डी आणि व्हॉलीबॉल. क्रिकेट तर काय, हवेसारखे सगळीकडेच. फुटबॉल म्हणजे कामठीचा, नागपूरचा किंवा कोल्हापूरचा, अशी आमची समजूत. कोल्हापुरात दोन तालमींचा सामना असला की अर्धे शहर शाहू स्टेडियमवर लोटते असे आम्ही वाचत असू, आणि पान उलटत असू.

मग २०१७ साल आले. त्या वर्षी सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा आपल्या देशात भरायची होती. त्या उत्साहात महाराष्ट्र सरकारने १५ सप्टेंबर रोजी एक दिवस ठरवला की राज्यातल्या दहा लाख मुलांनी त्या दिवशी फुटबॉल खेळावा. 'मिशन वन मिलियन' असे त्याचे नाव. गावोगावच्या शाळांत चेंडू पोचले. आमच्या गावच्या शाळेतही आले. त्या शुक्रवारी शाळेच्या मैदानावर एका चेंडूमागे साठ-सत्तर पोरे धावताना मी पाहिली. गाडीमागे कुत्री धावतात तशी. बघ्यांत आमच्या महाविद्यालयाची दहा-बारा मुले होती. त्यांतला एक दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, आपलीबी टीम काढू नं."

शारीरिक शिक्षणाची जागा आमच्याकडे तेव्हा रिकामी होती. प्राचार्यांनी मला बोलावले. फुटबॉलविषयी माझी पात्रता काय, असे मी नम्रपणे विचारले. ते म्हणाले, "मुले तुमचे ऐकतात." हे खरे नव्हते; पण प्राचार्य बोलले की ते खरे धरून चालायचे असते. महाविद्यालयाचे मैदान नव्या इमारतीच्या खडी-वाळूने व्यापले होते. तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून मी तीन चेंडू उसने घेतले, त्यांच्या नोंदवहीत सही केली, आणि उंद्रीच्या बाहेर एका पडीक तुकड्यावर दोन्ही टोकांना दोन-दोन बल्ल्या रोवून आमचा संघ उभा राहिला. जाळी नव्हती. गोल झाला की चेंडू शेजारच्या तुरीत जाई. तो शोधून आणायचे काम ज्याच्यावर गोल झाला त्याचे, म्हणजे गोलकीपरचे. असा नियम जगात कुठे असेल असे वाटत नाही, पण आमच्याकडे तो आपोआप पडला.

हा गोलकीपर उंद्रीचाच. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला, माझ्याच वर्गात, शेवटच्या बाकावर. उंच, हाताचे पंजे सुपासारखे. बोलायला कंजूष. चेंडू पोटाशी धरला की जणू कोणी आता तो हिसकावून नेणार आहे असा धरी. आमच्या संघात काही आशा असेल तर ती याच्यात, एवढे मला अडाण्यालाही कळत होते.

पहिला सामना घटस्थापनेनंतरच्या रविवारी, २४ सप्टेंबरला, खामगावच्या एका संघाशी ठरला. आदल्या रात्री पाऊस झाला होता. काळ्या मातीचा चिखल ज्याने तुडवला नाही त्याला सांगून कळणार नाही : चार पावले टाकली की बुटाला शेर शेर माती चढते आणि माणसाचा पाय हत्तीचा होतो. आमच्यातल्या चौघांनी बूट काढून फेकले. उरलेल्यांकडे कॅनव्हासचेच होते. पण हरण्याचे कारण चिखल नव्हे. चिखल दोन्ही बाजूंना सारखाच होता. हरण्याचे कारण त्या दिवशी मला ढळढळीत दिसले : चेंडू जवळ आला की आमचा गोलकीपर डोळे मिटत होता. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. चेंडू डावीकडून येतोय आणि हा उजवीकडे हात करतोय. सात गोल झाले. सामना संपल्यावर साऱ्या पोरांदेखत मी त्याला फैलावर घेतले. "भितोस तर गोलात उभा कशाला राहतोस?" असे काहीतरी बोललो. आणखीही बोललो, ते इथे लिहिण्यासारखे नाही. तो मान खाली घालून उभा होता. एवढेच म्हणाला, "डोयाची आग व्हते, सर." मी म्हणालो, "चेंडूकडे बघितले की आगच होणार!" पोरे हसली. तोही थोडा हसला.

परतीच्या एस. टी.त सगळे मुके. मराठीच्या प्राध्यापकाला अशा वेळी दुसरे काय सुचणार? मी पानिपत काढले. आपल्या भाषेत कोणत्याही पराभवाला 'पानिपत झाले' म्हणतात, निवडणुकीतल्यासुद्धा. पण पुढचे कोणी सांगत नाही. १४ जानेवारी १७६१, संक्रांतीचा दिवस. एका दिवसात मराठ्यांची एक पिढी कापली गेली. पायाला जबर जखम झालेला एक तरुण कसाबसा वाचला आणि जन्माचा लंगडा झाला. तो महादजी शिंदे. त्याच महादजीच्या काळात, त्याच्या डोळ्यांदेखत, १७७१च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी दिल्ली पुन्हा हाती घेतली. दत्ताजीचे ते प्रसिद्ध वाक्यही म्हणायचे माझ्या मनात आले होते. पण दत्ताजी ते म्हणाला आणि लगेच मारला गेला हे आठवून गप्प बसलो.

आमचा लेफ्ट हाफ हिशेबाचा पक्का. त्याने बोटे मोजली. "सर, म्हंजे आपल्याले दहा वर्सं थांबा लागते काय?"

ऑक्टोबर उजाडताच विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा अमरावतीला होती. अमरावतीला आमच्या भागात खेळाची काशी म्हणतात. तिथले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे, आणि त्यांच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके करून दाखवली होती. अशा गावी आम्ही फुटबॉल खेळायला गेलो. स्पर्धा बाद पद्धतीची. हरलात की संध्याकाळच्या गाडीने घरी. रेफरीने खेळापूर्वी पाय तपासले. दोघे अनवाणी. बुटाशिवाय मैदानात पाऊल टाकता येणार नाही, असे तो म्हणाला, आणि नियमाप्रमाणे बरोबरच म्हणाला. प्रेक्षकांतल्या दोन भल्या मुलांनी आपले बूट काढून दिले. एकाला ते दोन बोटे मोठे झाले, तर दुसऱ्याला चावले. पाच गोलांनी हरलो. या वेळी गोलकीपरने डोळे मिटले नाहीत, पण चेंडू फार जवळ आल्यावर त्याला दिसतो असे वाटत होते. मी काही बोललो नाही. बोलून झालेच होते.

अमरावती ते अकोला या प्रवासात मी त्यांना बुटांचीच गोष्ट सांगितली. ती मी मुद्दाम वाचून ठेवली होती. पराभवाचा साठा जवळ असावा, एवढे शहाणपण एका सामन्यात आले होते. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला स्वतंत्र भारताचा संघ गेला, त्यातले बहुतेक जण अनवाणी खेळले. गाठ फ्रान्सशी. आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही हुकल्या. सामना १-२ असा गेला. त्या संघाचा कप्तान टी. आओ हा नागा तरुण कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी. म्हणजे आमच्या पोरांसारखाच परीक्षा आणि खेळ यांच्यात ओढला जाणारा. पण लंडनचा पराभव गोड म्हणावा असा १९५२ साली हेलसिंकीला झाला. युगोस्लाव्हियाने दहा गोल चढवले. आपल्याकडून अहमद खानने एक केला, तोही सामना संपता संपता. थंडी मरणाची, आणि आपले बहुतेक गडी त्या थंडीत अनवाणी. त्यानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. अमरावतीच्या रेफरीने आमचे पाय का तपासले याचे मूळ हे असे हेलसिंकीत.

त्या दहा गोलांच्या वेळी संघाचे शिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शाळामास्तर, उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, तरुणपणी विद्यापीठाच्या संघातून खेळलेले. (ते विद्यापीठात होते तेव्हा आमचा वऱ्हाड कागदोपत्री निजामाचाच होता, त्या नात्याने ते आमचेही मास्तर, असे मी पोरांना ठोकून दिले.) एवढ्या पराभवानंतर माणसाने काय करावे? रहीमसाहेबांनी दुसऱ्यांच्या खेळाचा अभ्यास केला. एकट्याने चेंडू नाचवत नेण्याची हौस कमी करून पटकन पास द्यायला शिकवले. चार वर्षांनी मेलबर्नला याच देशाचा संघ ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत होता. ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपण ४-२ने जिंकलो आणि मुंबईकडून खेळणाऱ्या, मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझाने त्या सामन्यात तीन गोल मारले. उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. पहिला गोल आपला, त्याच नेव्हिलचा. मग त्यांनी चार केले. तिसऱ्या जागेसाठी बल्गेरियाशीही हरलो आणि चौथे आलो. लक्षात घ्या, हरूनच चौथे आलो.

मग १९६२, जाकार्ता, आशियाई सामने. रहीमसाहेबांना फुफ्फुसाचा कर्करोग झाला होता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला दोन गोलांनी हरवले. अंतिम सामन्यात पुन्हा तोच कोरिया, राजकीय भांडणामुळे भारतीयांवर खवळलेले मैदानभर प्रेक्षक, गोलकीपर थंगराज नुकता तापातून उठलेला, आणि डोक्याला टाके घातलेला जर्नेलसिंग बचावाऐवजी आघाडीला उभा. पी. के. बॅनर्जीने एक आणि जर्नेलने एक, २-१ने सुवर्णपदक. पुढल्या जूनमध्ये रहीमसाहेब गेले. त्यांच्यावर २०२४ साली हिंदीत 'मैदान' नावाचा बोलपटही निघाला, पण तेव्हा एस. टी.त ही गोष्ट माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हती, आणि मीही ती आठवड्यापूर्वीच वाचलेली होती.

"बावन ते बासष्ट," लेफ्ट हाफ म्हणाला. "पुन्हा दहाच वर्सं, सर!" गाडीत हशा पिकला. अकोल्याला आम्ही चांगल्या मनःस्थितीत उतरलो.

अकोल्याच्या बसस्थानकावर खामगावच्या गाडीची वाट पाहताना मी वर्तमानपत्र घेतले. पहिल्या पानावर यवतमाळ होते. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो रुग्णालयात गेले. तो सारा प्रकार तेव्हा नुकता बाहेर येत होता. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती. पंपाची तोटी वर धरून मारलेले औषध पुन्हा मारणाऱ्याच्याच तोंडावर उतरत होते. पुढे वाचत गेलो तर लक्षणे दिली होती : मळमळ, घाम, डोळ्यांची आग, अंधूक दिसणे. यांतली काही औषधे मज्जातंतूंवर काम करतात. त्यांनी डोळ्याची बाहुली आकसते आणि माणसाला लांबचे नीट दिसत नाही.

मी वर्तमानपत्र घडी घालून पिशवीत ठेवले. तो समोरच बाकावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होता. मी विचारले, "त्या रविवारी सामन्याच्या आधी तू काय करत होतास रे?"

"आदल्या दिसी पऱ्हाटीवर फवारा मारला व्हता, सर. अन् सकायीबी. चार पंप रायले व्हते."

अकोला ते खामगाव मी एकही गोष्ट सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. वडील माझ्याहून दहा वर्षांनी वडील. मी त्यांना लहानपणापासून भाऊ म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात. मी वर्तमानपत्र पुढे केले. त्यांनी ते हातात घेतले नाही. त्यांना सगळे ठाऊक होते. "मास्तर," ते म्हणाले, "अळी दिसते तं फवारा लागनच. फवाऱ्याले माणूस भेटत नाही, भेटला तं परवडत नाही. पोट्टं माहं हाय. मले काय त्याची हौस हाय?" याला मराठी एम. ए.च्या अभ्यासक्रमात उत्तर नाही. त्यांनी मला शेतात नेले. कपाशीच्या ओळीत मी शिरलो तर बाहेरून दिसेनासा झालो. म्हणजे तो मुलगा इथे पाठीवर पंप घेऊन, तोंडाला साधा रुमाल बांधून चालत होता. आणि त्यानंतर खामगावच्या मैदानावर, साऱ्यांसमोर, मी त्याला भित्रा म्हटले होते. माफी मागायची होती. पण प्राध्यापकाने विद्यार्थ्याची माफी कशी मागायची याचा रिवाज आमच्याकडे नाही, आणि नवा पाडण्याइतका मी मोठा नाही. खामगावला जाऊन डोळ्यांना घट्ट बसणारा चष्मा, हातमोजे आणि तोंडाला लावायची चांगली पट्टी घेतली आणि भाऊंच्या हाती दिली. त्यांनी ते सारे खुंटीला टांगले.

९ ऑक्टोबरच्या रात्री आमच्या घरच्या दूरचित्रवाणीपुढे सारा संघ जमला. बायकोने पोह्यांची परात मधोमध ठेवली. त्या स्पर्धेत भारताचा दुसरा सामना होता, कोलंबियाशी, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर. पहिल्या सामन्यात अमेरिकेकडून आपण ०-३ असे हरलो होतो. आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, त्यामुळे आमच्या पोरांना तो घरचाच वाटे. उत्तरार्धात कोलंबियाने गोल केला. आणि मग ८२व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला जॅक्सनसिंगने डोके लावले आणि गोल! फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात भारताचा तो पहिलाच गोल. आमच्या घरात जो गदारोळ झाला त्याने शेजारचे काका काठी घेऊन बाहेर आले. पोरे अजून एकमेकांच्या गळ्यात होती, तोवर पडद्यावर कोलंबियाने दुसरा गोल केलासुद्धा. एका मिनिटाची ती बरोबरी. तिसऱ्या सामन्यात घानाने चार गोल केले आणि आपला देश स्पर्धेबाहेर गेला : तीन सामने, तीन पराभव, एक गोल. आमच्या गोलकीपरने मात्र सारा वेळ आपल्या गोलात उभ्या असलेल्या धीरजसिंगकडेच पाहिले. जाताना दारात थांबून म्हणाला, "तो किती बोलते, सर, बॅक लोकायशी. मी बोलतच नाही." आमच्या साऱ्या हंगामात खेळाविषयी शहाणपणाचे वाक्य एवढे एकच झाले, आणि ते प्रभारींचे नव्हते.

दिवाळीत भाऊंच्या घरावरून गेलो तर अंगणात त्यांचा धाकटा मुलगा मी दिलेला चष्मा लावून लवंगी फटाके उडवत होता. असो. डोळ्यांच्याच रक्षणार्थ घेतला होता.

नोव्हेंबरात बोंडअळी उघडी पडली. बाहेरून बोंड धडधाकट, फोडले तर आत गुलाबी अळी आणि कुजलेली सरकी. बीटी बियाण्याला ही अळी लागत नाही या भरवशावर सारा विदर्भ होता. तिने त्या बियाण्यालाच पचवले. भाऊंनी दोन वेचे घेतले आणि तिसऱ्याच्या वेळी उभ्या कपाशीत गुरे सोडली. मी त्या बाजूला गेलो नाही. मात्र एक झाले. फवारणी संपली म्हणून मुलगा रोज सरावाला येऊ लागला. त्याचा खेळ सुधारला. आता तो बॅकना ओरडून सांगे, "डावीकडून! डावीकडून!" लोक म्हणत, उंद्रीच्या पोरांना फुटबॉलचे वेड लागले. वेड कसले? शेतात काम उरले नव्हते.

त्या महिन्यातला सामना १-२ असा गेला. आमचा गोल म्हणजे तो प्रतिपक्षाच्या फुलबॅकचा प्रसाद; आणि आम्हाला मिळालेली पेनल्टी आमच्या सेंटर फॉरवर्डने आकाशात मारली. मी लंडनच्या त्या दोन हुकलेल्या पेनल्टींची आठवण करून देणार, तोच लेफ्ट हाफ म्हणाला, "सर, ते झालं सांगून."

डिसेंबरातल्या सामन्याला मी बाजूच्या रेषेवर न थांबता आमच्या गोलच्या मागे जाऊन उभा राहिलो. कारण कोणाला सांगितले नाही. मला फक्त त्याचे डोळे पाहायचे होते. चेंडू येताना ते उघडे राहतात का. राहिले. तीन गोल झाले, पण तिन्ही वेळा तो योग्य बाजूला झेपावला आणि निदान सहा चेंडू त्याने अडवले. एक तर बोटांच्या टोकांनी असा वरून काढला की दुसऱ्या संघाचीच मुले ओरडली. मी त्या डोळ्यांकडे पाहत असताना मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आरडाओरडा झाला. वळून पाहिले तर आमची पोरे एकमेकांवर ढीग करून पडली होती. आमच्या राइट आउटने, सेंटरकडून आलेल्या पासवर, संघाचा पहिला आणि शेवटचा खरा गोल केला होता. "पाह्यला का, सर?" असे तो धावत येऊन विचारू लागला. मी म्हणालो, "पाहिला तर!" शिक्षकाच्या आयुष्यातल्या काही थोड्या निर्दोष असत्यांपैकी हे एक.

पाचवा सामना १ जानेवारी २०१८ला. ०-१. तो गोल सामना संपायला थोडा वेळ असताना झाला आणि त्यात कोणाचीच चूक नव्हती. आमचा संघ त्या दिवशी फुटबॉल खेळणाऱ्या संघासारखा दिसत होता, एवढे मी प्रभारी म्हणून नमूद करतो. परतताना एस. टी.त कोणाच्या तरी मोबाइलवर बातमी आली : इंदूरला विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवले आणि रणजी करंडक जिंकला. १९५७-५८ सालापासून विदर्भ त्या स्पर्धेत खेळत होता आणि एकदाही तिथवर पोचला नव्हता. बडे संघ आमच्याविरुद्धचा सामना म्हणजे फलंदाजीचा सराव समजत. त्या वर्षी फैज फझल कप्तान, चंद्रकांत पंडित शिक्षक, आणि अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी घेतले. गाडीतले अनोळखी उतारूसुद्धा टाळ्या वाजवू लागले. कंडक्टरने दिवा लावला.

लेफ्ट हाफ बोटे मोजत होता. मग त्याने नाद सोडला. "दहा नाही, सर," तो म्हणाला, "साठ!"

पुढच्या वर्षी फुटबॉलसाठी तरतूद झाली नाही. तसा ठराव कोणी केला नाही. नुसती झाली नाही. ती मुले पांगली. लेफ्ट हाफ सहकारी पतसंस्थेत हिशेब लिहितो, हे ओघानेच आले. गोलकीपरने बी. ए.ची शेवटची परीक्षा दिली आणि तो चाकणला एका कारखान्यात लागला. भाऊंनी कपाशी कमी करून सोयाबीन वाढवले आहे.

मार्च महिन्यात चेंडू परत करायला मी शाळेत गेलो, तेव्हा तो ओझे उचलायला बरोबर आला होता. मुख्याध्यापकांनी नोंदवही काढली. तीन दिलेले, दोन चांगल्या स्थितीत परत, एक फाटलेला. त्यांनी त्या ओळीत 'निकामी' असे लिहिले आणि फाटका चेंडू कोपऱ्यातल्या रद्दीवर टाकला. मी सही करायला वाकलो.

"सर," तो मागून म्हणाला, "निकामी हाय, तं मी नेऊ काय?"

मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून पाहिले, काही बोलले नाहीत, आणि दौतीचे झाकण लावू लागले. तो चेंडू काखेत मारून तो बाहेर गेला. सही व्हायची अजून राहिली होती, मी केली.